पंचवीस मिलिमीटर

चकतीत एकूण अकरा केस होते. आठ काळे, तीन पांढरे. सगळ्यात लांब केस चार मिलिमीटरचा. तो मी चिमट्याने हलकेच ओढून पाहिला तर निघून आला, म्हणजे उरले दहा. चकतीची लांबी चौतीस मिलिमीटर, रुंदी एकतीस. जागा डोक्याच्या मागे, उजव्या कानाच्या वरच्या टोकापासून पाच सेंटिमीटरवर. कातडी गुळगुळीत, खपली नाही, खाज नाही. तारीख १४ जानेवारी १९९८.

हे सगळं मी कार्डावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. ज्याचं डोकं होतं तो धैर्यशील, वय तेवीस, स्टुलावर पाठमोरा बसला होता. त्याचे वडील, सुभेदार संपतराव, खुर्चीच्या कडेवर ताठ. आई तानूबाई भिंतीजवळच्या बाकावर, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन.

"चौतीस," संपतराव म्हणाले. "बोर्डाने पस्तीस लिहिलंय."

"त्यांनी पट्टी वाकडी धरली असेल," धैर्यशील म्हणाला.

"बोर्ड वाकडं धरत नाही."

बोर्ड म्हणजे लष्कराचं वैद्यकीय मंडळ. धैर्यशील अधिकारी भरतीची लेखी परीक्षा पास झाला होता, पाच दिवसांची मुलाखतही पास झाला होता, आणि वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना ही चकती सापडली. त्याला स्वतःला ती ठाऊकच नव्हती. त्याला तात्पुरतं अपात्र ठरवलं होतं आणि बेचाळीस दिवस दिले होते. २३ फेब्रुवारीला पुन्हा तपासणी. त्याने आणलेल्या कागदावर नियम टाइप केलेला होता: चकती एकच असेल आणि तिचा व्यास पंचवीस मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल तर पात्र. वयाच्या अटीमुळे ही त्याची शेवटची खेप होती.

"हे शिपाई म्हणून लागले," तानूबाई मला म्हणाल्या. "सव्वीस वर्षं झाली. आता पोरगा साहेब होणार, तर हे त्याला सॅल्यूट मारणार. रोज बुटांना पालिश करतात, अजून तारीख नाही ठरली तरी."

"पालिश मी सव्वीस वर्षं करतोय," संपतराव म्हणाले.

मिलिटरी हॉस्पिटलात उपचार चालूच होते, पण तिथे मलम दिलं होतं आणि थांबा म्हणाले होते. छावणीत कुणीतरी त्यांना सांगितलं, गुडगावला नव्या वसाहतीत केसांचा दवाखाना निघालाय आणि तिथे एक मराठी मुलगी आहे. ती मी. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधल्या सरकारी क्वार्टरमधून दोन बस बदलून मी रोज इथे येत असे. बायोकेमिस्ट्रीत बी.एस्सी. झाल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी. केस मोजायचे, फोटो काढायचे, कार्ड भरायचं, आणि पेशंटच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

पेशंट बहुतेक परदेशी कंपन्यांतले तरुण मॅनेजर. खिडकीतून त्यांच्या अर्धवट बांधलेल्या काचेच्या इमारती दिसत. ते सगळे जवळजवळ तेच विचारत. बोअरच्या पाण्याने केस जातात का. हेल्मेटने जातात का. आईकडून येतं की वडिलांकडून. औषध बंद केलं तर काय. टक्कल केलं तर दाट येतात का. पहिल्या तीन महिन्यांत मी दोनशे बारा पेशंटांचे प्रश्न वहीत उतरवले, तेव्हा लक्षात आलं की चौदा प्रश्नांत जवळजवळ सगळे बसतात. मी त्यांची उत्तरं लिहून काढली. डॉक्टरांना ती आवडली. त्यांनी हिंदी आणि इंग्रजीत पत्रक छापून घेतलं.

तानूबाईंचे प्रश्न त्या चौदातलेच होते, फक्त मराठीत.

"चाईच लागलीय ना ही? कीड असती का आत?"

"कीड नसते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करतात. मुळं मरत नाहीत. गप्प बसतात."

"मंग उठवायची कशी?"

"डॉक्टर चकतीत बारीक बारीक इंजेक्शनं देतील. चार आठवड्यांनी पुन्हा."

"बिल्कुल येणार ना मग?" संपतरावांनी विचारलं.

"पुष्कळांना येतात. खात्री देता येत नाही."

"किती टक्के?"

मी टक्के सांगितले. त्यांनी ते खिशातल्या डायरीत लिहिले आणि डायरी परत खिशात ठेवली.

तानूबाईंना हिंदी बोलता यायचं, पण वाचायला वेळ लागायचा. त्यांनी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं आणि पर्समध्ये ठेवलं. म्हणून त्या दुपारी मी चौदाही उत्तरं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून काढली आणि पुढच्या खेपेला त्यांना दिली. त्यांनी माझ्या हातावर दोन लाडू ठेवले. तोपर्यंत ते कडक झाले होते.

पहिल्या इंजेक्शननंतर दर बुधवारी धैर्यशील यायचा. पारदर्शक कागद चकतीवर ठेवून मी पेनाने तिची कड काढायची, मग तो कागद आलेख-कागदावर ठेवून मोजायची. २१ जानेवारीला चौतीस. २८ जानेवारीला तेहेतीस. त्या दिवशी भिंगातून आत बारीक, बिनरंगाचे केस दिसले. मी सत्तावीस मोजले.

"मॅडम, तुमच्या हातात पट्टी दिसली की माझे तळहात आपोआप पुढे येतात," तो म्हणाला.

"मान हलवू नका. अर्धा मिलिमीटर चुकेल."

"अर्ध्या मिलिमीटरसाठी मी श्वाससुद्धा घेणार नाही."

४ फेब्रुवारीला साडेएकतीस. ११ फेब्रुवारीला साडेएकोणतीस. आतले केस मोजण्यापलीकडे गेले होते आणि कडेचे काळे होत होते. त्या बुधवारी तिघंही आले होते, कारण चार आठवडे पूर्ण झाले होते आणि दुसरी इंजेक्शनं द्यायची होती. ती दिल्यावर संपतरावांनी डॉक्टरांना विचारलं, पुढच्या आठवड्यात आणखी एकदा देता येतील का. डॉक्टर म्हणाले, "सुबेदार साहब, इतनी जल्दी देंगे तो चमड़ी बैठ जाएगी. गड्ढा पड़ेगा." आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

मग संपतराव माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही हिशेबाच्या पक्क्या आहात. सरळ सांगा. तेवीस तारखेला किती असेल?"

मी सरळ सांगितलं. शेवटच्या आठवड्यात दोन मिलिमीटर कमी झाली. बारा दिवस उरले. याच वेगाने साडेतीन कमी होईल. "सव्वीस," मी म्हणाले. "फार तर थोडी कमी-जास्त."

"म्हणजे एक जास्त," धैर्यशील म्हणाला.

"एक."

"एक काय?" तानूबाईंनी विचारलं.

त्याने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून त्यांना दाखवलं. त्या बोटांमध्ये मला मधली जागा दिसली नाही.

वेग वाढतोय, दुसऱ्या इंजेक्शनांचा परिणाम अजून धरलेला नाही, दोन मोजमापांवरून रेषा ओढणं कच्चं असतं, हे सगळं मला म्हणता आलं असतं. ते मला माहीत होतं. पण मला आकडा विचारला होता आणि मी आकडा दिला.

सोमवारी, १६ तारखेला, ते बोलावल्याशिवाय आले. धैर्यशीलने डोक्याला रुमाल बांधला होता. तो सोडताना कापड चिकटलेलं होतं, म्हणून मी सलाइनच्या पाण्याने ते भिजवलं. खाली सगळं सुजलेलं होतं. चकतीवर आणि तिच्या भोवती मोठमोठे फोड, काही फुटलेले, पाणी गळत होतं. कडेच्या केसांचे पुंजके त्या पाण्यात चिकटले होते. मधोमध तीन-चार काळे ठिपके होते. ते मी ओळखले. माझ्या आजीच्या टाचेवर तसे असत.

"बिब्बा," मी म्हणाले.

तानूबाईंनी मान हलवली.

पायाच्या भेगांसाठी तानूबाईंनी गावाहून चार बिब्बे आणले होते. शुक्रवारी दुपारी त्यांनी एक सुईला टोचून ज्योतीवर धरला, तेल सुटल्यावर ते चकतीवर ठेवलं, आणि कडेने गोल फिरवलं, कारण कडच आत यायला हवी होती. धैर्यशील त्यांच्यासमोर मान खाली घालून बसला होता. पहिल्या दिवशी काही झालं नाही. शनिवारी रात्रीपासून आग सुरू झाली.

"तुम्ही लावून घेतलंत?" मी त्याला विचारलं.

"एकच मिलिमीटर हवा होता, मॅडम."

"माझ्या भावाला अशीच चाई होती," तानूबाई म्हणाल्या. "आमच्या आईने बिब्बा लावला. दोन महिन्यांत केस आले. चांगले दाट."

बिब्बा न लावता अशा चकत्या पुष्कळदा आपोआप भरतात. ते त्यांना सांगायला मी तोंड उघडलं आणि सांगितलं नाही.

त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. माझं अक्षर होतं. नवव्या प्रश्नावर त्यांनी बोट ठेवलं. "हे मी तीनदा वाचलं. बरोबरच वाचलं ना मी?"

मी वाचलं. घरगुती उपाय करून पाहावेत का? उत्तर: त्यांचा फायदा होतो असा पुरावा नाही, पण त्यांनी नुकसानही होत नाही.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कांद्याचा रस होता, मेथी होती, दही होतं. दोनशे बारांपैकी एकानेही बिब्ब्याचं नाव घेतलं नव्हतं. दिल्लीत त्याला भिलावा म्हणतात आणि तो डोक्याला कुणी लावत नाही.

"तुम्ही बरोबर वाचलंत," मी म्हणाले. "माझं चुकलं."

"तुमचं कसं चुकेल? तुम्ही शिकलेल्या," त्या म्हणाल्या. त्या टोचून बोलत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तानू, बस," संपतराव हळूच म्हणाले. "आता बस."

डॉक्टरांनी जखम साफ केली. त्यासाठी भोवतीचे केस कातरावे लागले. गोळ्या लिहिल्या, मलम दिलं. धैर्यशीलने स्टुलाची कड धरली होती. सगळं झाल्यावर त्याने विचारलं, "सर, ही आता जखम आहे ना? चाई नाही. जखम तर भरते. तुम्ही तसं लिहून दिलंत तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कार्डाकडे. त्यावर पाच बुधवारची मोजमापं होती. "बोर्डावर डॉक्टरच बसलेत," ते हिंदीत म्हणाले. "त्यांच्याकडे पहिल्या दिवसाचा पस्तीसचा आकडा आहे."

"लिहायचं तर जे झालं तेच लिहा," संपतराव म्हणाले. "चाई होती. भरत आली होती. आईने बिब्बा लावला. एवढंच."

"बाबा, यार, 'आईने' कशाला?"

"मग कुणी लावला?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. आईचा उल्लेख न करता 'घरगुती उपचार' असं लिहिलं. संपतरावांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि डायरीत ठेवली.

मी विचारलं, तारीख पुढे ढकलून मिळेल का. अर्ज करून पाहिला होता, संपतराव म्हणाले. सकाळीच. बेचाळीस म्हणजे बेचाळीस.

त्या संध्याकाळी मी रिसेप्शनवरची उरलेली पत्रकं उचलली. एकशे चाळीस होती. प्रत्येकावर नववं उत्तर पेनाने खोडलं आणि वर लिहिलं: डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नये. पहिल्या छपाईतली तीनशे साठ आधीच लोकांच्या घरी गेली होती. त्यांचं काय करायचं हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "छोड़ो, कोई पढ़ता नहीं है."

रविवारी, २२ तारखेला, दवाखाना बंद असतो. संपतरावांनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, अर्धा तास उघडता येईल का. मी चौकीदाराकडून किल्ली घेतली. तिघंही आले. धैर्यशीलने केस अगदी बारीक कापून घेतले होते. खपल्या गळून पडल्या होत्या, खालची कातडी गुलाबी, ताणलेली होती.

"उद्या ते मोजणारच आहेत," मी म्हणाले. "आज कशाला?"

"तिथे जाऊन पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा इथे ऐकलेलं बरं," संपतराव म्हणाले. "त्याला आत जाताना माहीत असावं."

तानूबाईंनी बाकावर न बसता उभ्या राहून विचारलं, "केस येतील ना पुढे कधी? उद्याचं नाही म्हणत मी. पुढे."

हा प्रश्न चौदांत होता. त्याचं उत्तर मीच लिहिलेलं होतं. ते मी दिलं नाही. "वाट पाहावी लागेल," एवढंच म्हणाले.

धैर्यशील पाठमोरा बसला आणि त्याने मान खाली घातली. मी दिवा जवळ ओढला. पारदर्शक कागद ठेवला, कड काढली, कागद आलेखावर ठेवला. हात हलला असेल असं वाटून दुसरा कागद घेऊन पुन्हा कड काढली. दोन्ही जुळल्या. मग भिंगातून आतली जागा डावीकडून उजवीकडे, ओळीने पाहिली. संपतरावांनी डायरी उघडून पेनाचं टोपण काढलं होतं.

लांबी त्रेचाळीस मिलिमीटर, रुंदी एकोणचाळीस. आत केस शून्य.