एकाच पायरीचा गोलू

मी एक पायरी. दगडी नव्हे, सागवानी फळी. कुंभकोणमला नवरात्रात घरोघरी बाहुल्यांचा गोलू मांडतात, आमच्या घरी तो आम्हा सात बहिणींवर. अप्पांनी आम्हाला हौसेनं घडवलं. चौकटीच्या दोन तिरप्या बाजूंना खाचा पाडल्या आणि त्यांत आम्हाला सरकवलं. नऊ दिवस मिरवायचं, उरलेलं वर्ष माळ्यावर धूळ खायची.

अप्पा गेले त्या वर्षी गोलू बसला नाही.

पुढं त्यांच्या लेकीची, कोदैची, पाठ धरली. ती विणकरांसाठी संगणकावर साड्यांचे काठ आखते. घटकाभर बसली की कळ मस्तकात जायची. काम सुटेल या धास्तीनं बिचारी रडायची. एके दिवशी तिच्या आईनं, मंगळम अम्मानं, पदर खोचला, चौकट खाली उतरवली आणि मला एकटीलाच खाचेत घातलं.

"हे काय गं अम्मा?"

"मेज. बसायचं तर खालची खाच, उभं राहायचं तर वरची. वैतागलीस तर मधली."

कोदै कितीतरी दिवसांनी हसली. तेव्हापासून मी दिवसभर वर-खाली करायची. तिच्या कोपरांची ऊब मला बाहुल्यांपेक्षाही आवडू लागली.

नवरात्र आलं, तशी दिवाळीच्या साड्यांची धांदल उडाली. चौकट एकच. त्यात बाहुल्या उभ्या राहणार की कोदै?

"यंदाही गोलू नको," अम्मा म्हणाली. "बाहुल्या झोपतील आणखी एक वर्ष. तुझी पाठ महत्त्वाची."

पण संध्याकाळी ती पेटी उघडून बाहुल्या पुसत बसली. माझा जीव तुटला. कोदैनंही दारातून पाहिलं.

सकाळी तिनं अम्माच्या लग्नातली लाकडी राजाराणीची जोडी माझ्या दोन टोकांना उभी केली, मधे आपला संगणक.

"गोलूच्या पायऱ्या विषम हव्यात ना? मग मोज. एक."

"लबाड आहेस," अम्मा म्हणाली आणि डोळे पुसत प्रसादाच्या सुंडलसाठी चणे भिजवायला गेली.

शेजारणी हळदीकुंकवाला आल्या. "हा राजा कचेरीत लागला वाटतं," एकीनं टोमणा मारला. अम्मानं तिला सुंडल जास्तच वाढलं.

सरस्वतीपूजेला आमच्याकडं कामाची हत्यारं पुजतात, त्या दिवशी कुणी कामाला हात लावत नाही. अम्मानं संगणकाला चंदन-कुंकू लावलं. मग तिचं बोट माझ्यापाशी थांबलं. इतकी वर्षं मी देवांना डोक्यावर घेतलं, पण मला कुणी टिळा लावला नव्हता.

"तूही राबलीस गं," ती म्हणाली आणि मला कुंकू लावलं.

आता कोदैची पाठ सुधारतेय. उद्या ती खुर्चीत बसू लागेल, मी पुन्हा माळ्यावर जाईन. जाईन बापडी. फक्त नेताना माझं कुंकू पुसू नका.