अ‍ॅम्पचं हसू

ताईच्या वडिलांना पंचेचाळिसाव्या वर्षी ऐकू येईनासं झालं आणि पुढची वीस वर्षं त्यांनी सगळ्यांना 'हो हो' म्हणत काढली. जेवलात का? हो हो. अहो, घरात चोर शिरलाय! हो हो. घरात त्यावर पुष्कळ हसणं व्हायचं, ताईही हसायची. यंदा तिला पंचेचाळिसावं लागलं आणि तिचं हसू मावळलं.

कारण ताई बास, म्हणजे खर्जातल्या सुरांची, गिटार वाजवायची आणि तिला स्वतःचीच गिटार ऐकू येईना. घरी एकटी वाजवायला बसली की सगळं झकास. पण रविवारी दुपारी धाकट्या भावाच्या गॅरेजमध्ये तालमीला जमले, धाकट्याने ड्रम बडवायला घेतले, शेजाऱ्याने त्याची गिटार काढली, भावजय गायला लागली, की ताईचे सूर गडप. अ‍ॅम्पचा, म्हणजे गिटारला जोडलेल्या स्पीकरच्या पेटीचा, आवाज वाढवावा तर खिडकीची काच थरथरायची, पण कुठला सूर वाजतोय त्याचा पत्ता नाही. धाकटा मधूनच ओरडून काहीतरी विचारायचा आणि ताई म्हणायची, "हो हो." असं तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिला वडीलच आठवले.

कानाच्या डॉक्टरकडे जायचा धीर होईना. औषधांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना 'वेळीच तपासून घ्या' म्हणून दटावणारी बाई ही! शेवटी 'अ‍ॅम्पच बिघडलेला असू दे रे देवा' असं मनाशी घोकत तिने तो दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला.

"स्पीकर फाटलाय बहुतेक," ती मोठ्या आशेने म्हणाली.

काकांनी मागची फळी उघडली, बॅटरी मारून आत पाहिलं, वायरी हलवून बघितल्या. "ठणठणीत आहे. काही झालेलं नाही त्याला."

हे ऐकायला लोक नवस बोलतात. ताईचा चेहरा मात्र पडला.

"बरं, वाजवून तर दाखवा," काका म्हणाले.

अ‍ॅम्पच्या तोंडावर सात सरकत्या खुंट्या होत्या. डावीकडे खर्जाच्या, उजवीकडे चिरक्या आवाजाच्या, बाकीच्या मधल्या. ताईने रोजच्या सवयीने दोन्ही कडेच्या वर चढवल्या आणि मधल्या पार तळाला नेल्या. आणल्या दिवसापासून ती अशीच लावायची. दुरून पाहिलं तर अ‍ॅम्प हसतोय असंच वाटायचं, आणि तिला ते फार आवडायचं.

तिने वाजवलं. खोलीभर घुमलं. काकांनी मान डोलावली, मग काहीतरी मनात येऊन दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर ड्रम, गिटार असं सगळं असलेलं एक दणदणीत गाणं लावलं. "आता ह्याच्याबरोबर."

झालं. सूर पुन्हा गडप. ताई नुसती तारा ओढत राहिली. डोळे भरून यायला लागले होते. काका कानामागे हात धरून वाकले, जवळ आले, आणखी जवळ आले.

"वाजवताय ना?"

"वाजवतेय की!"

"मला काही ऐकू येत नाहीये."

ताईची बोटं थबकली. "तुम्हालाही नाही?"

"अजिबात नाही."

"खरंच? शप्पथ?"

"माझे कान चांगले आहेत हं," काका जरा घुश्शात म्हणाले. "परवाच तपासून आलोय."

ताईला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. तिचा जीव भांड्यात पडला, तो असा की भांड्याचा आवाजही तिने ऐकला असता.

"अहो, खालची जागा ड्रमने घेतली, वरची झांजांनी," काका समजावू लागले. "तुम्हाला उरली मधली, आणि तीच तुम्ही आपल्या हातांनी दाबून टाकलीत." त्यांनी दोन्ही कडेच्या खुंट्या उतरवल्या आणि मधल्या वर सरकवल्या. अ‍ॅम्पचं हसू गेलं.

ताईने गाणं बंद करून एक सूर छेडला. "शी! सर्दी झाल्यासारखा वाटतोय."

"एकट्याने ऐकलं की वाटणारच. सगळ्यांत वाजवून बघा."

रविवारी तिने खुंट्या तशाच रडक्या ठेवल्या. धाकट्याने ड्रमवर हात टाकला, शेजारी सुरू झाला, आणि त्या गदारोळात ताईला तिचा एकेक सूर सुटा सुटा ऐकू आला. डोळे मिटून ती वाजवत सुटली. अर्ध्या गाण्यात भावजयीने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"ताई, जरा कमी करा ना. मला माझंच ऐकू येत नाहीये."

"काय म्हणालीस?" ताईने विचारलं.

धाकट्याचा चेहरा उतरला. वडिलांचं 'हो हो' ऐकत वीस वर्षं काढलेला तोही होताच. "ताई, तुला ऐकू आलं नाही?"

"आलं रे, शब्दन् शब्द आला," ताई म्हणाली आणि भावजयीकडे वळली. "पण परत एकदा म्हण."