माझ्या मयताला मी हजर होते

मित्रांनो, मी एक म्हातारी लाल कोळंबी आहे. दचकू नका, कढईतली नव्हे, बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीतली. लांबी तुमच्या नखाहून थोडी जास्त. वय सव्वा वर्ष. या वयात तुम्ही भिंत धरून चालता. आमच्यात मला आजी म्हणतात.

माझा जन्म माशांच्या दुकानातला. तिथे एकदा मासे आजारी पडले, म्हणून दुकानदाराने टाकीत निळे औषध ओतले. त्यात तांबे होते. माशांना ते मानवले. आम्हा कोळंब्यांना तांबे म्हणजे विष. मी नुकतीच एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेले होते. गिऱ्हाईक गप्पिष्ट होते. ते हवापाण्यावर बोलत राहिले आणि पिशवीतून मी पाहत राहिले: माझ्या बहिणी एकेक करून आडव्या होत होत्या.

ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे चष्मेवाले. ते गावाला चष्मे विकतात. स्वतःचा कुठे ठेवला, हे त्यांना ठाऊक नसते. घरात त्यांची आई असते. तिला सगळे अक्का म्हणतात. मला पाहिल्यापासून तिचा एकच प्रश्न होता, "हिला तळायची कधी?"

टाकीत आधीपासून काही करड्या कोळंब्या होत्या आणि झालरीचा एक फायटर मासा. लाल मी एकटीच. दिवसभर शेवाळ खाऊन काचा मी स्वच्छ ठेवल्या. कौतुक झालरीचे झाले. असो. पुढे मला पिल्ले झाली. मुंगीएवढी, आरपार दिसणारी. ती हिरव्या गवतात लपून वाढू लागली.

आम्ही वाढलो की अंगावरचे कवच तोकडे पडते. मग ते पाठीवर उसवून आम्ही बाहेर पडतो. मागे अख्खी कोळंबी राहते, मिशा-पायांसकट, फक्त आत कोणी नसते. नवे अंग एक-दोन दिवस मऊ असते, म्हणून दगडाखाली लपायचे. फायटरला मऊ माल आवडतो.

त्या सकाळी मी कवच टाकले. ते नेमके पुढच्या काचेपाशी पडले आणि मी दगडाखाली शिरले.

"अक्का, लाल मेली."

अक्का येऊन वाकली. "काल तर धडधाकट होती रे."

"रोग आलाय टाकीत. बाकीच्या जायच्या आत औषध घालतो."

"बाटलीवर काय लिहिलंय ते वाच आधी."

"माझा चष्मा कुठाय?"

"मला काय विचारतोस? दुकान तुझं आहे."

"राहू दे. माशांचंच आहे, निळं."

तो निळा रंग मी ओळखला. बाटलीचे बूच फिरले. बाहेर जावे तर फायटर, लपून राहावे तर तांबे. आणि गवतात माझी पिल्ले. मी निघाले. फायटर वळला, त्याने झालर पसरली. मी तशीच माझ्या कवचाशेजारी जाऊन उभी राहिले.

वर औषधाने भरलेले बूच कलू लागले.

"थांब रे," अक्का म्हणाली. "लाल किती होत्या आपल्याकडे?"

"एकच."

"मग ही कोण? मयताला आलीय?"

चष्मेवाल्यांनी काचेला नाक टेकवले. एवढे मोठे नाक पाहून फायटर मागे सरला आणि मी दगडाखाली पोचले. त्यांनी जाळीने कवच उचलून उजेडात धरले.

"पोकळ आहे गं. नुसती साल."

"कपडे बदललेत तिनं. आणि तू निघालास औषध पाजायला. ठेव ते तिचं तिला परत."

चष्मा संध्याकाळी माशांच्या खाद्याच्या डब्यात सापडला. बाटलीवरची बारीक अक्षरे वाचून चष्मेवाल्यांनी ती बाटली कचऱ्यात टाकली. अक्काने तळण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, आम्हाला जरूर पाळा. पण काही ओतण्याआधी बाटली वाचा, आणि रडण्याआधी दगडाखाली बघा. बहुतेक वेळा आम्ही तिथेच असतो.

राहिले ते कवच. नव्या कवचाला चुना लागतो. म्हणून माझ्या मरणाचा तो एकमेव पुरावा मी दोन दिवसांत खाऊन टाकला.