रिकाम्या डबीतली गळती

अंबडच्या त्या कारखान्यात वायरलेस सेटचे फिल्टर बनायचे. छोट्या डबीत बसवलेल्या नखाएवढ्या स्फटिकावर ध्वनिलहरी उठायच्या, आणि त्यांच्या जोरावर फिल्टर हवा तो सिग्नल पुढे सोडायचा, नको तो अडवायचा. १९९८ साली तिथलं टेस्टिंग ज्योत्स्नाकडे होतं आणि नवं डिझाइन ललितचं.

मोजणीत नको ते सिग्नलही आरपार जाताना दिसले. ज्योत्स्नाने भर मीटिंगमध्ये आलेख टेबलावर टाकला.

"ललित, हा फिल्टर आहे की चाळणी?"

सगळे हसले. ललित हळूच म्हणाला, "मॅडम, एकदा नुसती रिकामी डबी लावून मोजता का? मोजताना फिल्टर ज्यात बसवतो त्या जिगमध्येच गळती असेल कदाचित."

"जिगला नावं ठेवू नका. डिझाइन सुधारा."

तो पुन्हा कामाला बसला. सख्ख्या बहिणीच्या लग्नालासुद्धा गावी, नामपूरला गेला नाही.

नवे नमुने आले, तरी गळती तेवढीच. इतके बदल करूनही रेघ जागची हलली नाही, तेव्हा कुठे ज्योत्स्नाच्या मनात पाल चुकचुकली. तिने आत स्फटिकच नसलेली डबी जिगमध्ये बसवली. पडद्यावर तीच रेघ! नको तो सिग्नल फिल्टरमधून जातच नव्हता. जिगची अर्थिंगची पट्टी नीट टेकत नव्हती, म्हणून तो बाहेरच्या बाहेर पलीकडे पोचत होता. पट्टी घट्ट करून तिने ललितचा जुना फिल्टर मोजला. तो अगदी चोख होता. तिचे कान तापले.

पुढच्या मीटिंगमध्ये तिने सगळ्यांसमोर ते सांगितलं. साहेब म्हणाले, "चालायचंच." बाहेर आल्यावर तिने ललितला विचारलं, "लग्नाला का येत नाही म्हणून घरी काय सांगितलं होतंत?"

"माझं काम बिघडलंय, असं. मलाही तसंच वाटत होतं ना."

तो चिडला असता तरी तिला इतकं लागलं नसतं. रविवारी ती एसटीने नामपूरला गेली. ललितची आई सिंधुबाई ओट्यावर कांदे निवडत होती. ज्योत्स्नाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. म्हातारीला जिग काही कळला नाही, बाकीचं कळलं.

"म्हंजे मना पोऱ्यानं काम चांगलं व्हतं?"

"हो. चूक माझी होती."

सिंधुबाईने शेजारच्या कुसाबाईला हाक मारली, मग तिच्या सुनांना. सगळ्या जमल्यावर त्यांच्याकडे बोट दाखवून ती ज्योत्स्नाला म्हणाली,

"आते यास्ले बी सांग, माय."

ज्योत्स्नाला मान वर करवेना. तरी तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने.