मरव्याची झोप

टाकी उचलून पाहिली तर अजून जडच. सिद्धारामनं ती खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि दुसऱ्यांदा काही वेगळं निघेल अशा आशेनं जराशी हलवूनही पाहिली.

“अगं, रातभर पानी गेलंच न्हाई ह्यातलं.”

“गेलं आसंल की थोडं,” महादेवी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली.

“थोडं कावून? काल दुपारी गच्च भरलेली हाय. सकाळपत्तूर तळाला जायला पायजेल.”

“मला काय कळतंय त्यातलं.”

सिद्धारामलाही कळत नव्हतं, पण तसं म्हणायची त्याला सवय नव्हती. तो मागच्या गॅलरीत उकिडवा बसला आणि खिशातून स्टोव्हची पिन काढून फवाऱ्याच्या निपलात घालू लागला. निपल स्वच्छ होतं. काल स्वच्छ होतं, परवाही स्वच्छ होतं. वर मरव्याची पानं मात्र मान टाकून बसलेली. हा तिसरा मरवा. आधीचे दोन असेच मान टाकत टाकत गेले होते.

दिंद्रुडच्या बाजारात सिद्धारामचं स्टोव्ह आणि गॅसबत्ती दुरुस्तीचं दुकान. एके काळी लग्नसराईत त्याच्या दारात बत्त्यांची रांग लागायची. मग वरातीत जनरेटर आले, घराघरात सिलिंडर आले, आणि रांग कुठे गेली ते त्याला समजलंच नाही. स्टोव्ह मात्र जाता जाता त्याचे कान घेऊन गेले. उभी हयात त्या भडभडत्या आवाजापुढे घालवलेली. आता मोठ्यानं बोललं तरच ऐकू येई, बारीक आवाज तर त्याच्यासाठी जगातून उठूनच गेले होते.

रस्त्यावरच्या सगळ्यांनी घरं पाडून खाली शटरची दुकानं काढली, तशी यांनीही काढली. राहायला वर आले. मागच्या अंगणात सिमेंट ओतलं, तेही सिद्धारामनं स्वतः उभं राहून. त्या अंगणात महादेवीचा मरवा होता. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून, कड्याहून, आईच्या हातच्या रोपाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं आणली होती. रोज सकाळी पूजेला बेलासोबत मरव्याचा एक तुरा, आणि एक तिच्या अंबाड्यात. सिमेंट ओतलं त्या दिवशी ती काही बोलली नाही. काड्या कापून तिनं डालड्याच्या डब्यात लावल्या आणि डबा गच्चीवर नेऊन ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प राहिली ते सिद्धारामच्या मनात सल होऊन बसलं.

गच्चीवर उन्हाळ्यात डब्यातली माती विटेसारखी भाजायची. मरवा झुरायला लागला, आणि त्याच दिवसांत सिद्धारामनं बद्रीनाथकडे टीव्हीवर एक कार्यक्रम पाहिला.

बद्रीनाथ त्याचा लहानपणचा दोस्त. त्यानं गावात केबल आणली होती आणि छत्रीच्या जोरावर सगळं जग आपल्या ओसरीवर उतरवलं होतं. पडद्यावर एक गोरा माणूस खोक्याचं झाकण उचलून दाखवत होता. खाली मुळं नुसती हवेत लोंबकळत होती, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी, आणि त्यांच्यावर धुकं पडत होतं. माती नाहीच. गोरा माणूस पुष्कळ काही सांगत होता, पण ते इंग्रजीत. आता पुढं काय दाखवतो म्हणून सिद्धाराम पुढं सरकला, आणि लाइट गेली.

“पुढं काय आसंल बे?” त्यानं अंधारात विचारलं.

“पुढं झाड मेलं आसंल,” बद्रीनाथ म्हणाला. “मातीबिगर कुटं झाड जगतंय का?”

तो उरलेला कार्यक्रम सिद्धारामला पुन्हा कधी दिसला नाही. जे पाहिलं तेवढ्यावरच त्यानं खटाटोप मांडला. धुकं करायचं म्हणजे निपल आलं, आणि निपल म्हणजे त्याचा हातखंडा. औषधाच्या दुकानातून थर्माकोलचं खोकं आणलं, झाकणाला भोक पाडून स्पंजाच्या तुकड्यात मरव्याची काडी बसवली. भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लोखंडी टाकीत हवा दाबून भरी, आणि त्या दाबानं पाणी निपलातून फुसकन उडे. यातली मेख अशी की लाइट गेली तरी टाकीत दाब शिल्लक राही. दिंद्रुडात लाइट असणं हाच अपवाद, म्हणून त्यानं तेवढा विचार आधी केला होता. टाकी आणि खोकं यांच्या मधल्या नळीवर पेट्रोमॅक्स बत्तीची गोल पितळी चावी बसवली. आधी शेणाचं पाणी गाळून घातलं तर निपल तुंबलं. मग खताच्या दुकानातून पाण्यात विरघळणारी पांढरी पूड आणली. मुळांना उजेड चालत नसणार, नाहीतर गोऱ्यानं झाकण कशाला ठेवलं असतं, असा तर्क करून त्यानं घरात ताकीद दिली, “झाकण उघडायचं न्हाई.”

महादेवीनं झाकण कधीही उघडलं नाही.

तरी मरवा मरायचा. सिद्धारामनं निपलाचं तोंड मोठं केलं, मग बारीक केलं. हवा वाढवली, कमी केली. खोक्याला बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं. डोकं खाजवून खाजवून कानामागची कातडी लाल झाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगणही उरलं नव्हतं.

वैशाखात कड्याला महादेवीच्या भावाच्या, राजेश्वरच्या मुलीचं, वर्षाराणीचं लग्न निघालं. जाताना तिनं डालड्याच्या डब्यातली शेवटची हिरवी काडी कापून सिद्धारामच्या हाती दिली. डबा रिकामाच झाला म्हणायचा.

“ही तेवढी जगवा,” ती म्हणाली. “न्हाई जगली तर ऱ्हाऊ द्या. मी कड्याहून दुसरी आनते.”

ती गेली आणि चमत्कार झाला. खोक्यात लावलेली काडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताठ झाली. सकाळी टाकी उचलावी तर हलकी फूल. आठवड्यानं नवी पालवी. सिद्धाराम गॅलरीत बसून हसला, आणि मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. निपल तेच, पाणी तेच, पूड तीच. बदललं काय होतं? घरात महादेवी नव्हती.

हा विचार त्यानं झटकून टाकला, तर तो माशीसारखा परत येऊन बसला. बद्रीनाथला बोलून दाखवायची मात्र त्यानं चूक केली.

“आता एखाद्याची नजर आसती,” बद्रीनाथ सुपारी कातरत म्हणाला. “वहिनीची आसंल आसं म्हनत न्हाई मी. पर आसती.”

“तिच्या हातचा मरवा चाळीस साल जगला बे.”

“तवा मातीत हुता.”

सिद्धाराम तिथून उठून आला. रात्री त्याला जेवण गेलं नाही. बायकोनं घरात पाऊल टाकू नये असं आपल्याला वाटतंय की काय, या विचारानं तो घाबरून गेला. पण मग टाकीचं काय? टाकीतलं लोखंड बाईची नजर ओळखतं होय? पाणी तिला बघून निपलात थांबतं? काही म्हणता काही ताळमेळ लागेना.

महादेवी परत आली ती रिकाम्या हातानं.

“तिकडं बी परसात फरशी बसवली राजेश्वरनं,” पिशवी ठेवता ठेवता तिनं सांगितलं. “मोटारसायकल लावायला. आईचा मरवा कुटं गेला इचारलं, तर म्हनतो, कोनता मरवा.”

मग ती गॅलरीत गेली. खोक्यावर मरवा वीतभर उंच झाला होता. तिनं पानाला नुसतं बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. सिद्धारामला एवढा आनंद उभ्या आयुष्यात फार थोड्या वेळा झाला होता. आणि त्या आनंदातच त्याची नजर टाकीकडे गेली, कारण आता ती घरात होती.

दुसऱ्या दिवशी टाकी जड. चार-सहा दिवसांत शेंडा झुकला.

आता मात्र त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. हा मरवा गेला तर कुठून आणणार? कड्याला फरशी, इथं सिमेंट. दुकानात बसावं तर हात भलत्याच बर्नरला लागत. अशाच एका संध्याकाळी बाजारातली लाइट गेली, म्हणून तो रोजच्या आधीच शटर ओढून वर आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून गॅलरी दिसत होती.

महादेवीनं हातपाय धुऊन कपाळाला विभूती लावली होती. देवापाशी दिवा लावून ती गॅलरीत आली. खोक्याशी वाकली, मरव्याला हात न लावता दुरूनच त्याच्याकडे पाहिलं, आणि नळीवरची पितळी चावी अलगद फिरवून बंद केली.

“झोप आता,” ती म्हणाली.

सिद्धाराम पायरीवर तसाच उभा राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, पान तोडायचं नाही, पाणी घालायचं नाही, झाड झोपलेलं असतं. हे त्याच्या आईनं सांगितलं होतं, तिच्या आईनं तिला. अंगणात मरवा होता तेव्हा महादेवी रोज तिन्हीसांजेच्या आत पाणी घालून मोकळी व्हायची. इथं मात्र रात्रभर पाणी अंगावर. निजलेल्या लेकराच्या तोंडावर कुणी पाणी मारतं का? म्हणून ती रोज बंद करायची आणि पहाटे तो उठायच्या आत सुरू करायची. लपवायचं काहीच नव्हतं त्यात. दाराला कडी घालतो, तेही आपण कुणाला सांगत नाही. सूं आवाज थांबतो हे दुसऱ्या कुणाला कळलं असतं, पण ह्याचे कान स्टोव्हनं नेलेले.

मातीत रात्री ओल राहते. हवेत लोंबणाऱ्या मुळांना रात्रभर काय राहणार?

एकदम ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलंही. मग त्याला तिचं बोट नाकाशी नेऊन रडणं आठवलं. सांगितलं, तर मरवा वाचेल. पण दोन मरवे आपणच मारले, आईच्या हातचे, हे तिला कळेल, आणि ती त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. सिमेंटच्या दिवशी बोलली नव्हती, तशीच. तो उलट्या पावली दोन पायऱ्या उतरला आणि मुद्दाम मोठ्यानं खाकरत पुन्हा वर आला.

दुसऱ्या दिवशी चावी साफ करायची म्हणून तो ती दुकानात घेऊन गेला. उभा जन्म गळक्या चाव्या बंद करण्यात गेला होता. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा एक चांगली चावी गळकी केली. आतली सुई कानशीनं घासून आखूड केली. आता चावी फिरायची, शेवटाला जाऊन घट्टही बसायची, पण पाणी चालूच. काम छान झालं होतं आणि ते कुणाला दाखवता येणार नव्हतं.

संध्याकाळी तो घरीच थांबला. महादेवीनं दिवा लावला, चावी फिरवली. मग ती क्षणभर तशीच वाकून राहिली. नंतर आत गेली.

आठ-दहा दिवसांत मरव्यानं मान वर काढली. टाकी सकाळी हलकी लागू लागली. सिद्धाराम खुशीत होता आणि धास्तावलेलाही. महादेवीचे कान मांजरासारखे तिखट, हे या सगळ्या कारागिरीत त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

एके दिवशी चावी फिरवून ती त्याच्याजवळ येऊन बसली.

“अहो,” ती मोठ्यानं म्हणाली, “मी बंद केलं तरी आत सूं वाजतंय. कावून?”

सिद्धारामनं छताकडे पाहिलं. खोटं बोलायचं तर आधी ठरवून ठेवायला हवं होतं.

“घोरत आसंल,” तो म्हणाला.

तिला हसू आलं. पण हसू ओठांवर असतानाच ती मरव्याकडे बघू लागली. तिच्या गैरहजेरीत वाढलेला, ती आल्यावर सुकलेला, चावी दुकानात जाऊन आल्यावर पुन्हा तरारलेला. तिला इंग्रजी येत नव्हतं, निपल कळत नव्हतं; पण घरात काय केव्हा झालं हे तिच्याइतकं कुणाच्या ध्यानात राहत नसे. तिनं मांडीवरचे हात एकमेकांत घातले.

“आदीचे दोन,” ती हळूच म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही, पण ओठ दिसले.

“ते उन्हानं गेले,” सिद्धाराम म्हणाला.

“उन्हानं?”

“उन्हानंच. लई ऊन हुतं औंदा.”

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग उठून भाकरी थापायला गेली. त्या रात्री पिठाच्या परातीवरचा तिचा हात मधूनच थांबत होता, आणि सिद्धाराम उगाच पिन घेऊन स्वच्छ निपल साफ करत बसला.

दुसऱ्या दिवशी ती चावीला हात लावणार नाही, अशी त्याची जवळजवळ खात्री झाली होती. दिवेलागण झाली. तिनं हातपाय धुतले, विभूती लावली, दिवा लावला. गॅलरीत आली. वाकली, आणि रोजच्यासारखी चावी अलगद फिरवून शेवटाला नेऊन घट्ट केली.

“झोप आता.”

सिद्धाराम खोक्यापाशीच बसला होता. त्याचा तळहात झाकणावर होता आणि आतलं गार धुकं उडताना त्याला थर्माकोलमधून बारीक थरथर जाणवत होती.

“आवाज येतोय का?” त्यानं विचारलं.

महादेवीनं मान कलती करून ऐकल्यासारखं केलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “मला बी न्हाई येत आता.”