सोजरबाईंचं वय

"नाही हो, ती बोलकी आहे म्हणूनच तुमच्याकडे पाठवली," मुक्ताताई फोनवर सांगत होत्या. "आजोबा दिवसभर एकटे असतात, कुणी बोलायला मिळालं तर बरं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"आजोबांशी खुशाल बोलू दे," पलीकडून प्रभात रोडवरच्या सूनबाई म्हणाल्या. "ती माझ्याशी बोलते."

"बरं. उद्यापासून मैनाला पाठवते. ती देवाशीसुद्धा बोलत नाही."

फोन ठेवून मुक्ताताईंनी वहीत एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला शेफाली लॅपटॉप उघडून बसली होती.

"ताई, मैनाच का? म्हणजे क्रायटेरिया काय लिहू?"

"अगं, त्या घरात सून बोलते. तिथे दुसरं बोलणारं माणूस टिकत नाही."

शेफालीने काहीतरी टाइप केलं आणि पुन्हा पुसलं. "असा ऑप्शनच नाहीये यात," ती म्हणाली.

शनिवार पेठेतल्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत मंडळाचं काम चाले. नवऱ्याने टाकलेल्या, नवरा गेलेल्या बायकांना आजारी माणसांची देखभाल करायला शिकवायचं आणि घरोघरी पाठवायचं. लोक त्यांना मावशी म्हणत. वाशीमहून एका पिशवीनिशी आलेल्या मुक्ताताई एक्क्याण्णव साली पहिल्या तुकडीत शिकल्या. दहा वर्षं त्यांनी माणसं उचलली, कूस बदलली, पुसली, भरवली. मग पाठ गेली, आणि तेव्हापासून त्या या फोनपाशी होत्या.

त्या काळात शहर बदललं. मुलं अमेरिकेत गेली आणि आईवडील मागे राहिले. मावश्यांची मागणी वाढली, तशी कोपऱ्याकोपऱ्यावर ब्यूरो उघडले. ते कुणालाही, काहीही न शिकवता पाठवत आणि तासाभरात पाठवत. मंडळाकडे साठ बायका होत्या आणि काम पस्तिसांना. अशात हिंजवडीच्या एका संगणक कंपनीने भागीदारीचा हात पुढे केला. संगणक, नर्सकडून रीतसर प्रशिक्षण, गणवेश, बायकांचा विमा, शिवाय कंपनीतल्या लोकांचे आईवडील हेच गिऱ्हाईक. समितीच्या बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीकडून तीन महिन्यांसाठी शेफाली आली. एकच अट होती, ड्यूटीला जाणारी बाई पन्नाशीच्या आतली हवी.

"पंचावन्न तरी करा," मुक्ताताई बैठकीत उभ्या राहून म्हणाल्या होत्या.

"विमा कंपनी घेत नाही ताई," शेफालीने सांगितलं होतं. "आणि पेशंटला उचलताना त्याच पडल्या, तर त्यांचं कोण करणार?"

यावर मुक्ताताई खाली बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी इंदुबाई पेशंटला सावरताना न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. मंडळाने फळं नेली, सगळ्या जणी आळीपाळीने भेटून आल्या, आणि मंडळाला करता येण्याजोगं तेवढंच होतं. इंदुबाई अजून भावाच्या घरी खाटेवर होती.

पन्नाशीच्या पुढच्या अकरा बायका निघाल्या. त्यांना सांगायचं काम अर्थातच मुक्ताताईंकडे आलं. दोन आठवड्यांत दहा जणींना सांगून झालं. एक रडली. एक म्हणाली, सुटले बाई. यमुनाबाईने ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि ती चालू लागली. रोज घरी गेल्यावर मुक्ताताईंना वाटे, आपण दिवसभर माणसंच उचलली आहेत.

अकरावी सोजरबाई. त्या धायरीहून बस बदलून आल्या, बाकावर बसल्या आणि चपलेतला खडा काढू लागल्या.

"बोलावलंस व्हय?"

"हो."

"मग बोल की. तोंड का पाडलंस?"

धायरी गाव होतं तेव्हा सोजरबाई तिथे सून म्हणून आल्या. नवरा लवकर गेला. दिरांनी जमीन बिल्डरला दिली, तिथे सात मजली इमारत झाली, आणि मागच्या अंगाला एक खोली यांना राहिली. हल्ली इमारतीचा वॉचमन बदलला की नवा माणूस त्यांना फाटकाशी विचारी, "कुणाकडे जायचंय?"

मुक्ताताईंनी सांगितलं. दहा वेळा सांगून वाक्यं गुळगुळीत झाली होती, तरी मध्येच अडखळल्या.

"कार्डावर काय वय हाय माझं?" सोजरबाईंनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"कोन म्हनलं?"

मुक्ताताईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "मीच."

त्र्याण्णव साली, ड्यूटीवरून येऊन मंडळात लिहायला बसत तेव्हा, कार्डाचा फॉर्म त्यांनीच भरला होता. सोजरबाईंना ना जन्मतारीख ठाऊक, ना साल. "पानशेत फुटलं तवा मला पदर येऊन साल झालं नव्हतं," एवढीच खूण त्यांनी दिली होती. मुक्ताताईंनी बोटांवर हिशोब केला, बारा-तेरा धरलं, आणि चव्वेचाळीस लिहून टाकलं. मनात आलं असतं तर एक्केचाळीसही लिहिलं असतं. तरीही आज पन्नाशी उलटलेलीच होती, पण तेव्हा पस्तीस लिहिलं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं.

शेफाली सगळं ऐकत होती. तिने लॅपटॉप हळूच मुक्ताताईंकडे वळवला. सोजरबाईंच्या नावापुढचा वयाचा चौकोन रिकामा होता.

"जन्माचा दाखला नाहीच आहे ना ताई," ती खाली बघत म्हणाली. "मग तुम्ही टाकाल तेच वय. मी चहा सांगून येते."

ती गेली. मुक्ताताईंनी चष्मा वर सरकवला आणि चारचा आकडा शोधला. बोट त्याच्यावर ठेवलं.

"थांब," सोजरबाई म्हणाल्या.

"का?"

"मागल्या आठवड्यात सदाशिव पेठंतल्या मास्तरांना कमोडवरनं उठवताना माझ्या हातातला जोरच ग्येला. मास्तर खाली बसले. पडले न्हाईत, बसले. मी बी त्यांच्यासंगं बसले. अर्धा घंटा दोघंबी भुईवर."

"मला सांगितलं नाहीत."

"कुनालाच न्हाई सांगितलं. मास्तरांनी बी न्हाई. हसत हुते म्हातारे. म्हनले, सोजरबाई, आता आपल्या दोघांना उचलाया तिसरं मानूस लागंल. सून यायच्या आत खुर्चीला धरून कसंबसं उठलो." त्यांनी पदराने मान पुसली. "त्यांचा खुबा मोडला असता, तर मी कुठं तोंड दाखिवलं असतं? खरं काय ते लिव्ह."

मुक्ताताईंनी बोट उचललं. आधी पाच, मग शोधून आठ. चौकोन लाल झाला.

शेफाली चहा घेऊन आली, तिने पडद्याकडे पाहिलं आणि कप पुढे ठेवले.

"नव्या मुलींना शिकवायला ठेवा यांना," मुक्ताताई म्हणाल्या. "कूस बदलावी तर यांनीच. पेशंट कधी कण्हत नाही."

"ट्रेनर सर्टिफाइड नर्सच लागते, ताई."

"मग नर्सच्या हाताखाली ठेवा. तुमच्या करारात कुठेतरी एखादी ओळ बसेल की. चाळीस पानांचा आहे."

शेफाली मोबाइल घेऊन बोळात गेली. बराच वेळ तिचं इंग्रजी ऐकू येत होतं, कधी चढलेलं, कधी उतरलेलं. सोजरबाईंनी चहा बशीत ओतून संपवला. शेफाली परत आली ती दारातच थांबली.

"एक होऊ शकतं. प्रॅक्टिकलसाठी डमी येणार होता, म्हणजे पुतळा. तो आता येणार नाही म्हणतायत, बजेटमधून काढला. तर त्याच्या जागी कुणीतरी… पेशंट म्हणून. आठवड्यातून दोन दिवस."

"म्हणजे यांनी नुसतं पडून राहायचं?" मुक्ताताईंचा आवाज चढला. "चौदा वर्षं काम केलंय या बाईने. पुतळ्याच्या जागी?"

"सॉरी ताई. एवढंच मिळालं."

"पडून ऱ्हायचं?" सोजरबाईंनी बशी खाली ठेवली. "आन् त्याचं पैसं देनार? मुक्ते, भांडू नगंस. जल्मात कुनी दिलं नव्हतं."

त्या हसल्या. मुक्ताताईंना हसू आलं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी शेजारच्या हॉलमध्ये पहिला वर्ग भरला. आकाशी गणवेशातल्या आठ मुली खाटेभोवती उभ्या होत्या. गणवेश नवे, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. नर्सबाई भिंतीवरच्या तक्त्यातले मुद्दे वाचून दाखवत होत्या. मुक्ताताई कामातून उठून दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

सोजरबाई खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. मान सैल सोडलेली, एक हात अंगाबाहेर लोंबता, तोंड किंचित उघडं. इतक्या जणांना तसं पडलेलं पाहिलं होतं, की त्यांना काही आठवावं लागलं नसेल. मुली आधी हसत होत्या, मग त्यांचं हसू आपोआप थांबलं.

"चला, कोण येतंय?" नर्सबाईंनी विचारलं.

एक काटकुळी मुलगी पुढे झाली. तिने सोजरबाईंचा लोंबता हात धरून ओढला.

"हाताला वढू नगं," डोळे न उघडता सोजरबाई म्हणाल्या. "खांद्याखाली घाल. दुसरा कंबरंखाली."

नर्सबाई तक्त्यापासून खाटेकडे वळल्या. मुलीने हात घातले.

"दम खा. पेशंटाला सांग, आता वळवते म्हनून. न सांगता वळवलं की मानूस भितं."

"वळवते हं, आजी," मुलगी पुटपुटली.

"हां. आता."

अंग सावकाश वळलं. सोजरबाईंचं तोंड भिंतीकडे झालं आणि दाराकडे पाठ. वळताना त्यांचं लुगडं पोटरीवर सरकलं होतं. मुली पुढच्या मुद्द्यासाठी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहू लागल्या. काटकुळी मुलगी मात्र वाकली, तिने लुगडं घोट्यापर्यंत नीट ओढून घेतलं, आणि वरून चादर टाकली.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सोजरबाई भिंतीकडे तोंड करून तशाच पडून राहिल्या.