टिंबापुढची यादी

धम्मानंदच्या लॅपटॉपमध्ये कोड लिहायची दोन सॉफ्टवेअरं होती. एक हलकं एडिटर. डोळा मिटून उघडेस्तोवर हजर, पण कोऱ्या वहीसारखं मुकं. दुसरं जाडजूड आयडीई. त्यात शब्द लिहून टिंब दिलं की पुढं काय लिहायचं याची यादीच समोर यायची. सहा वर्षं धम्मानंदनं नुसती टिंबं दिली आणि यादीतून निवडलं. मग कंपनीनं त्यालाच यादीतून काढलं.

आज शेवटचा इंटरव्ह्यू होता, घरूनच, व्हिडिओ कॉलवर. हा गेला तर शहरातलं बेसाचं घर सोडून भिवापूरला, सासऱ्यांच्या, म्हणजे दादाजींच्या, मिरचीच्या गोदामात. दादाजींनी तिथं खुर्चीसुद्धा टाकून ठेवली होती. बायको माया आठवडाभर सांगत होती, हलक्यावर हात बसवा. यानं ऐकलं नाही. सायकलवर वरात काढतात का, म्हणे.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या अस्मिता मॅडमनी चाळीस मिनिटं दिली आणि कशातही लिहा म्हणाल्या. धम्मानंदनं ऐटीत आयडीई उघडलं. आयडीईनं आधी स्वतःचं अपडेट काढलं. लॅपटॉपचा पंखा असा घरघरला की मॅडमनी विचारलं, शेजारी पिठाची चक्की आहे का. मायानं कूलर ढकलत लॅपटॉपकडे फिरवला. कूलरनं कीबोर्डवर शिंतोडे उडवले. धम्मानंद घाईनं टॉवेलनं पुसायला गेला, तर कुठलंसं बटन दबलं आणि ऐंशी टक्क्यांवर आलेलं अपडेट पुन्हा शून्यावर गेलं.

"हलकं उघडा ना जी," माया दाराआडून कुजबुजली. "काहून जीव काढून राहिले त्याचा?"

नऊ मिनिटं उरली तेव्हा त्यानं हलकं उघडलं. पहिला शब्द लिहिला, टिंब दिलं आणि थांबला. काहीच आलं नाही. टिंब खोडलं, पुन्हा दिलं. मॅडमना वाटलं, गडी विचार करतोय. त्या भल्या बाईनं बराच वेळ त्यात व्यत्यय आणला नाही.

"नेट गेलं का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. नेट आहे."

वेळ संपली. आभार मानून त्या गेल्या.

मग अपडेट संपलं आणि आयडीई उघडलं. झळझळीत, ताजंतवानं. त्यानं सवयीनं तोच शब्द लिहिला, टिंब दिलं. भली लांब यादी खाली उतरली. हवं होतं ते पहिलंच होतं.

फोन वाजला. दादाजी.

"जय भीम, जावईबापू. मंग कधी येता जी?"

"मी..." म्हणून धम्मानंद थांबला. पुढचं कोणीतरी समोर धरेल म्हणून वाट पाहत राहिला.

"सोमवारी," मायानं हळूच सुचवलं.

"सोमवारी," धम्मानंद म्हणाला.